सर्व्हर बसलाय

मास्तरांना हळू बोलता येत नसे आणि ही गोष्ट त्यांना कुणी कधी सांगितली नव्हती. सांगून उपयोगही नव्हता, कारण सांगणाऱ्याचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचायला हवा ना! कडावच्या बाजारात त्यांचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं, अजूनही आहे. "इकडं ये गं, जरा खासगी बोलायचंय," असं ते म्हणाले की समोरचा भाजीवाला तराजू खाली ठेवून कान द्यायचा.

मास्तर त्यांना सगळेच म्हणत, पण शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. कुंभिवलीकडच्या एका कारखान्यात ते वीस-बावीस वर्षं पत्रा दाबायच्या यंत्रावर होते. तिथं शेजारच्याला "डबा खाल्लास का" एवढं विचारायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. पुढे कारखाना बंद पडला, यंत्रं भंगारात गेली आणि आवाज तेवढा मास्तर घरी घेऊन आले.

असा माणूस गप्पपणे फॉर्म भरून देत असता तर एक वेळ चाललं असतं. पण मास्तरांचा नियम होता: फॉर्म भरून झाला की तो पहिल्या रकान्यापासून शेवटच्या रकान्यापर्यंत वाचून दाखवायचा आणि मगच बटन दाबायचं. या नियमाला कारण होतं. दुकान नवं असताना त्यांनी घाईत एका मुलाची जन्मतारीख चुकवली आणि तो मुलगा सरकारदरबारी आपल्या आईपेक्षा चार वर्षांनी मोठा झाला. ते निस्तरायला त्या माउलीला कर्जतला इतके हेलपाटे घालावे लागले, की शेवटी ती खरोखरच त्याची मुलगी दिसेल की काय इतकी वाळली. तेव्हापासून मास्तरांनी कानाला खडा लावला.

त्यामुळे कडाव बाजारात कुणाचं काहीच झाकलेलं नव्हतं. दहावीला कोण किती वेळा बसलं, कुणाचा रक्तगट काय, कुणाच्या डाव्या खांद्यावर तीळ आहे, हे भाजी घेता घेता कळायचं. जातीचा रकाना आला की माणसं जरा चुळबुळायची. मास्तर मात्र तो रक्तगटाच्याच सुरात वाचायचे. कुणबी असो, ठाकूर असो, नवबौद्ध असो की ब्राह्मण, सगळ्यांना एकच पट्टी आणि ती काळी पाच. आमचा रकाना वाचताना शाळेतल्या बाई आवाज खाली आणायच्या, म्हणून मला मास्तरांचं हे फार आवडायचं.

त्यांच्या पासवर्डांचीही एक तऱ्हा होती. पोरं पासवर्ड विसरतात, म्हणून ते विचारायचे, "घरी जनावर कंचं हाय? नाव सांग." गाईचं, म्हशीचं, बैलाचं जे नाव असेल ते पुढे आणि दाराचा घर क्रमांक मागे. "आईबापाचा वाढदिस इसरशील, म्हशीचं नाव नाय इसरणार," असं त्यांचं म्हणणं. ज्यांच्याकडे जनावर नसे त्यांना ते शेजाऱ्याचं जनावर द्यायचे. आमच्या म्हशीचं नाव चंद्री. तिच्या नावावर आमच्या आळीतल्या तिघांनी परीक्षा दिल्या.

आणि तो शर्ट! फोटो काढायला टी-शर्ट चालत नाही अशी मास्तरांची ठाम समजूत होती. म्हणून खिळ्याला एक निळ्या चौकड्यांचा शर्ट कायम टांगलेला असे. मुलगा आला की तो शर्ट घाल, भांग पाड आणि पांढऱ्या पडद्यापुढं उभा राहा. आमच्या पिढीतल्या मुलांची ओळखपत्रं काढून बघा. आधार असो, हॉल तिकीट असो, लायसन असो, सगळे एकाच शर्टात. एकदा नाक्यावर पोलिसांनी एका टेंपोतल्या पाचजणांची कार्डं मागितली आणि ही कुठली टोळी म्हणून तासभर उन्हात उभं केलं होतं.

दुकानाच्या दारावर एक पाटी होती. "पालकांनी बाहेर बाकड्यावर बसावे. आत हवा कमी आहे." हवा भरपूर होती. पण बाप शेजारी बसला की पोरगं बापाचं उत्तर देतं, हा मास्तरांचा अनुभव. "तुला काय व्हायचंय?" असं विचारलं की मुलाआधी बाप म्हणायचा, "इंजिनीयर." मग मास्तर पेन्सिल कानावर ठेवून म्हणायचे, "तुमी व्हा की मंग. तुमचा फॉर्म भरू?"

आता बारावीनंतरच्या त्या जुलैकडं येते.

माझे वडील, अण्णा, गावचं दूध गोळा करून टेंपोनं डेअरीला पोचवायचे. दुधात पाणी घालणाऱ्याकडं आणि माझ्याशी बोलणाऱ्या मुलाकडं ते एकाच नजरेनं बघत. आम्ही दोघी बहिणी, धाकटी तेव्हा पहिलीत. अण्णांचं एकच स्वप्न होतं आणि ते रोज जेवताना आम्हाला ताटात वाढलं जायचं: "माझा जन्म म्हशीच्या शेपट्यांचे फटके खाण्यात गेला. माझी पोरगी एसीत बसंल, कॉम्प्युटरपुढं." यात बदल नाही.

मला मात्र शेपट्याच आवडायच्या. चंद्री विताना अडली होती तेव्हा डॉक्टर येईपर्यंत रात्रभर मी तिच्याजवळ बसले होते आणि त्या दिवसापासून मला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. त्याची वेगळी प्रवेश परीक्षा असते. तीही मी दिली होती, अण्णांना न सांगता. फॉर्म अर्थातच मास्तरांनी भरला होता, भर दुपारी, जेव्हा अण्णा झोपतात. निकाल बरा लागला. पण तो निकाल मी वहीत घालून ठेवला, कारण मधल्या काळात एक मुलगा आला होता.

मुलगा आमच्याच वर्गातला. त्याची आई कळंबच्या एका रिसॉर्टवर स्वयंपाक करायची आणि वडील म्हणायचे, पोरगा कारखान्यात काचेच्या केबिनीत बसला पाहिजे. त्यांच्या घरी गणपतीला केवढं मोठं मखर आणि आमच्या घरी जय भीम. अण्णांना एवढं एक कारण पुरेसं होतं, आणि मुलगा असणं हे तर पहिलं कारण होतंच. माझ्या मामेबहिणीचं असंच काहीतरी कळलं, तेव्हा निकाल लागायच्या आत तिचं लग्न लागलं. पुस्तकं तिनं मला दिली. त्यामुळं आमचं हे प्रकरण दोन वर्षं चाललं ते कॅनॉलच्या बांधावर, दहा-दहा मिनिटांचं.

आमची योजना सोपी होती. तो इंजिनीयरिंगला चाललाच होता. मीही तेच भरायचं. आमचे मार्क जवळपास सारखे, तेव्हा कॉलेजांची यादी सारखी दिली तर कॉलेजही सारखं मिळेल. मी यादी केली आणि कॉलेजांचे नुसते नंबर त्याला मोबाइलवर पाठवले. नावं लिहिण्याइतका वेळ नव्हता, आई हाका मारत होती. तो सकाळी लवकर जाऊन उरकणार, मी अण्णांबरोबर अकराला जाणार, म्हणजे कुणाला संशय नको.

आम्ही अकराला पोचलो तर हा आतच. निळ्या चौकड्यांचा शर्ट वर्षातून एकदा धुवायला जायचा, तो नेमका त्या दिवशी गेला होता. शर्ट यायचा म्हणून हा दोन तास खोळंबला होता आणि आता ओल्याच शर्टात खुर्चीवर बसला होता. अण्णा पाटीप्रमाणं बाहेर बाकड्यावर बसले. मी आत गेले आणि भिंतीवरचं कॅलेंडर फार लक्ष देऊन बघायला लागले.

मास्तर फॉर्म आधी कागदावर पेन्सिलीनं लिहून घेत. कागद म्हणजे कुणाच्या तरी बिघडलेल्या सातबाऱ्याची मागची बाजू. मुलाचा कागद त्यांनी हातात घेतला, चष्मा नाकावर ओढला आणि सुरू केलं. कॉलेजांचे नंबर त्यांना पाढ्यांसारखे पाठ होते.

"पर्याय एक! वाशीचं कॉलेज! कॉम्प्युटर!"

बाजार ऐकत होता.

"पर्याय दोन! पनवेलचं! कॉम्प्युटर! पर्याय तीन!"

आणि मास्तर थांबले.

मी कडावच्या बाजारात लहानाची मोठी झाले, पण मास्तरांना वाचताना मध्येच थांबलेलं कधी ऐकलं नव्हतं. एकदा त्यांच्या पायावरून विंचू गेला होता, तेव्हाही त्यांनी "आईचे संपूर्ण नाव" पुरं वाचलं आणि मग चप्पल काढली. आता मात्र झेरॉक्सच्या यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती. मास्तरांनी चष्म्यावरून त्या मुलाकडं पाहिलं. त्याच्या नुकत्याच फुटलेल्या मिशीकडं जरा जास्त वेळ पाहिलं. मग माझ्याकडं वळून नुसता हात पुढं केला. मी घरून आणलेला यादीचा कागद दिला. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले.

तिसरा नंबर मुलींच्या कॉलेजाचा होता.

अण्णांनी सांगितलं होतं, एक तरी मुलींचं घाल, हॉस्टेल चांगलं असतं. म्हणून मी घातलं होतं. आणि या शहाण्यानं बाराच्या बारा नंबर जसेच्या तसे उतरवले होते.

मास्तरांचं पोट हलायला लागलं. तोंडातून आवाज नाही, पण सगळा माणूस खुर्चीसकट हसत होता. मग ते पुढं वाकले आणि त्या दिवशी मला कळलं की मास्तरांना हळू बोलता येतं.

"बाला," ते कुजबुजले, "तुला मुलींच्या कॉलेजात घेतील का रं?"

"मला काय म्हाईत? तिनं नुसते नंबर दिलेले," तो म्हणाला.

'तिनं' म्हणून तो माझ्याकडं बघायला लागला. मी पुन्हा कॅलेंडर बघायला लागले. मामेबहिणीची पुस्तकं माझ्या डोळ्यांपुढं आली.

तेवढ्यात बाहेरून अण्णांचा आवाज आला. "मास्तर! काय झालं? लाईट गेली का?"

मास्तर एका क्षणात मूळ पट्टीवर आले. "सर्व्हर बसलाय!"

मग अण्णा म्हणाले, "मंग मी चा घेऊन येतो. चला हो, तुमी पण चला सगळे, इथं बसून काय करताय?" आणि बाकड्यावरच्या आणखी दोन पालकांना उठवून ते समोरच्या टपरीवर निघून गेले. मी मनातल्या मनात त्या सर्व्हरचे पाय धरले.

मास्तरांनी फोटोचा पांढरा पडदा मध्ये ओढला. मुलगा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. दोघांच्या हातात एकेक कोरा कागद. "आता बघायचं नाय एकमेकाचं. कोण नाय बघत, बाप नाय, आय नाय. तुला सोताला काय व्हायचंय ते लिव. एकच ओळ."

मी पेन्सिल धरून बसले. पडद्यापलीकडं त्याचीही पेन्सिल वाजत नव्हती. शेवटी मी लिहिलं: जनावरांची डॉक्टर. लिहिताना हात गरम झाला. किती दिवसांनी ते शब्द लिहीत होते!

मास्तरांनी दोन्ही कागद घेतले, वाचले आणि माझा त्याला, त्याचा मला दिला.

त्याच्या कागदावर लिहिलं होतं: "आचारी. मोठ्या हॉटेलातला."

मला आधी हसू आलं आणि मग राग आला, खूप राग. दोन वर्षं मी या मुलाशी बोलत होते. त्याला कोणता रंग आवडतो, त्याची आई कशावरून चिडते, त्याला ताप कधी आला, सगळं मला माहीत होतं. आणि ही एवढी एक गोष्ट त्यानं मला सांगितली नव्हती. पडद्यावरून डोकं काढून तो म्हणाला, "तू कधी बोलली नायस."

"तू तरी कुठं बोललास?"

मास्तर दोघांकडं आळीपाळीनं बघत होते. "मंग दोन वर्सं बोलत काय होता रं तुमी?"

खरं सांगायचं तर बहुतेक वेळ "जेवलीस का", "जेवलास का" हेच चालायचं.

"त्या दुसऱ्या परीक्षेचा निकाल कुठंय?" मास्तरांनी मला विचारलं. मी म्हटलं, वहीत आहे, पण नको आता. "त्याची मुदत उद्या संपते," ते म्हणाले. "फॉर्म खोटं नाय बोलत, भरणारा बोलतो. काढ वही." माझा तो फॉर्म त्यांनी भरायला घेतला. पासवर्ड विचारावा लागला नाही. चंद्री.

अण्णा चहा पिऊन परत आले तेव्हा मास्तर नेमके वाचनावर आले होते, पूर्ण आवाजात. "अभ्यासक्रम! पशुवैद्यकीय! म्हंजे जनावरांची डॉक्टरकी!" समोरच्या भाजीवाल्यानं मान वर केली. अण्णा दारात उभे राहिले, पाटीला न जुमानता. एका हातात माझ्यासाठी आणलेला चहा.

"हे काय?" अण्णा म्हणाले. "कॉम्प्युटरचं काय झालं?"

अण्णांच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. दुधात पाणी सापडलं की ती फुगायची.

"मला हेच करायचंय, अण्णा," मी शेवटी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मास्तर म्हणाले, "मोठ्यानं बोल गं, बापाला ऐकायला नाय येत!" आणि माझं वाक्य त्यांनीच ओरडून परत सांगितलं. त्याबरोबर सगळ्या बाजाराला ते कळलं.

अण्णांनी चहावरची साय बोटानं बाजूला काढली. मग म्हणाले, "बदलता येतंय का आता?"

"बटन दाबलं!" मास्तर म्हणाले.

बटन दाबलेलं नव्हतं. मला कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसत होतं. अण्णांनी मान हलवली, माझ्या हातात चहा दिला आणि ते बाहेर बाकड्यावर जाऊन बसले. तेव्हा मास्तरांनी हळूच बटन दाबलं. फॉर्म खोटं बोलत नाही म्हणणाऱ्या माणसानं त्या एका सकाळी दोनदा खोटं बोलून घेतलं.

त्या मुलाचं आणि माझं पुढं काय झालं? काही झालं नाही. मी लांब शिकायला गेले, तो हॉटेलच्या कॉलेजात गेला. वर्षभर मोबाइलवर "जेवलीस का" चाललं, मग सणासुदीला, मग तेही थांबलं. मी रडले, खोटं कशाला सांगू? त्याला वडिलांशी सहा महिने अबोला धरावा लागला म्हणे. आता तो कळंबजवळच्या एका रिसॉर्टवर मोठा आचारी आहे. माझ्या नवऱ्याला घेऊन गेले तर त्याला उगाच आग्रह करकरून वाढतो आणि मला फक्त विचारतो, "जेवलीस का?"

शिक्षण संपवून मी खालापूर तालुक्यात नोकरीला लागले. सुट्टीत घरी आले असताना चंद्रीची नात विताना अडली. रेडकाचे पाय उलटे होते. मी आणि अण्णांनी मिळून ते बाहेर काढलं. हात धुताना अण्णा एकदम म्हणाले, "तो आता काय करतो गं?"

"कोण?"

"निळा शर्ट."

माझ्या हातातला साबण खाली पडला. "तुम्हाला कसं कळलं?"

"मास्तर गप्प बसला तेवा," अण्णा म्हणाले. "सर्व्हर बसला की तो बोंबलतो, सर्व्हरच्या आयबापाला उद्धारतो. गप नाय बसत. आन आत पंखा फिरत होता, मला दिसत होता. मी इचार केला, मास्तर गप बसला म्हंजे काय तरी असं हाय, जे बापानं ऐकायचं नाय."

"आणि तुम्ही उठून चहाला गेलात?"

"मला चा नको होता," ते म्हणाले. "आत आलो असतो तर तोंडातून काय गेलं असतं ते मला म्हाईत होतं. तुझ्या मामानं तसंच केलं ना. म्हणून लांब जाऊन बसलो." मग म्हशीच्या पाठीवर थाप मारून त्यांनी वर पाहिलं. "एसी नाय मिळाला तुला."

"नाही."

"बरं झालं. रेडकू मेलं असतं."

मी त्यांना मिठी मारली. दोघांच्या अंगाला रेडकामागून पडलेल्या जारेचा वास येत होता.

या वर्षी धाकटीची बारावी झाली. अण्णांचे गुडघे गेलेत, म्हणून तिला घेऊन मी गेले. मास्तर थकलेत. पेन्सिल धरताना हात कापतो. आवाज मात्र कारखान्यातलाच. शर्ट खिळ्यालाच आहे, चौकडी आता ओळखू येत नाही. मी सवयीनं आत शिरले, तर मास्तरांनी पाटीकडं बोट केलं. "डॉक्टरीणबाई, पालकांनी भायेर!"

मी पालक! निमूटपणे बाहेर बाकड्यावर जाऊन बसले. आतून वाचन सुरू झालं. नाव, आईचं नाव, जात, रक्तगट, सगळं काळी पाचमध्ये. "पर्याय एक! पुणे! पर्याय दोन! पुणे! पर्याय तीन!"

आणि आत सामसूम झाली.

मी ताडकन उभी राहिले. कोण आहे? कुठला आहे? एवढीशी पोर, काल तर हिच्या वेण्या घालत होते मी! वर्गातला तो उंच मुलगा असेल का, जो वह्या द्यायला दोनदा आला होता? वह्याच होत्या ना त्या? कपाळाला हात लावला तर माझी शीर फुगलेली होती, अगदी अण्णांसारखी. एक पाय मी उंबऱ्यावर ठेवलासुद्धा.

दारातून पंखा दिसत होता. फिरत होता.

मी पाय मागं घेतला. घसा खाकरला.

"मास्तर! लाईट गेली का?"

"सर्व्हर बसलाय!"

"बरं," मी म्हटलं. "मग मी चहा घेऊन येते."

टपरीवाला माझ्याकडं बघतच राहिला. मी चहा कधीच सोडलाय हे कडावच्या बाजारात सगळ्यांना माहीत आहे. दुकानाकडं पाठ करून बसले आणि दोन कप प्यायले.